रॉबर्ट द स्ट्राँगचा बाप कोण? रेष ठाम काढायची की तुटक?

जुनंदप्तर (धागाकर्ता)

फ्रान्सवर राज्य केलेल्या कापे घराण्याचा ज्ञात मूळपुरुष म्हणजे रॉबर्ट द स्ट्राँग. ८६६ साली ब्रिसार्तला व्हायकिंगांशी लढताना तो पडला. उकाड्यामुळे शिरस्त्राण आणि चिलखत काढून ठेवलं होतं, तसाच धावून गेला, असं रेगिनो या भिक्षूच्या बखरीत आहे. त्याचा मुलगा ओडो ८८८ मध्ये राजा झाला, दुसरा मुलगा रॉबर्ट ९२२ मध्ये, आणि ९८७ मध्ये पणतू ह्यू कापे.

त्याच्या मरणाचा एवढा तपशील मिळतो, पण बापाचं नाव सांगणारा समकालीन कागद एकही नाही. तरीही बहुतेक वंशवृक्षांत जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या वर्म्सकडचा काउंट रॉबर्ट तिसरा हा त्याचा बाप म्हणून बिनदिक्कत लिहिलेला असतो आणि त्याच्यावर आणखी तीन-चार पिढ्या चढवलेल्या असतात. हे मूळचं कार्ल ग्लॉकनर या जर्मन संशोधकाचं १९३६ सालचं अनुमान. अनुमान म्हणून मला ते आवडतं. पण वंशवृक्षात ते तुटक रेषेनंच यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

नदीकाठ

सहमत नाही. ग्लॉकनरनी हे हवेत मांडलेलं नाही. वर्म्सजवळच्या लॉर्श मठाची दानपत्रं त्यांनी स्वतः संपादित केली होती. बाराव्या शतकात नकलून ठेवलेल्या त्या वहीत ३८०० हून जास्त नोंदी आहेत. कोणी कुठली जमीन, कुठला द्राक्षमळा मठाला दिला आणि साक्षीला कोण होतं, हे त्यातून कळतं. हा मठ ७६४ मध्ये काउंट कान्कोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी स्थापला. कान्कोरच्या बापाचं नाव रुपर्ट. रुपर्ट, रोटबर्ट, रॉबर्ट ही एकाच नावाची रूपं आहेत आणि ती त्या घरात पिढ्यानपिढ्या फिरत राहतात.

त्या काळी आडनावं नव्हती, नाव हीच कुळाची खूण होती. त्यात काळही जुळतो. ८४३ च्या व्हर्दनच्या तहात फ्रँक साम्राज्याची वाटणी झाली, वर्म्सचा प्रदेश पूर्वेचा राजा लुई द जर्मनकडे गेला, आणि ८५२ मध्ये आपला रॉबर्ट पश्चिमेला, तूरजवळच्या मार्मूतिए मठाचा गृहस्थ (म्हणजे भिक्षू नसलेला) मठाधिपती म्हणून दिसतो. पूर्वेकडचा सरदार बाजू बदलून पश्चिमेचा राजा चार्ल्स द बॉल्डकडे आला, यात न पटण्यासारखं काय आहे?

जुनंदप्तर

आला असेल. माझी शंका त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. नाव बापाकडूनच येतं असं नाही. ते आईच्या बापाचं असू शकतं, मामाचं असू शकतं. म्हणजे रॉबर्ट लॉर्शवाल्यांच्या गोतातला आहे हे मान्य केलं, तरी तो त्या घरचा मुलगा की त्या घरच्या लेकीचा मुलगा, हे नाव सांगत नाही. राइखेनाऊ मठाच्या स्मरणवहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या यादीत, सुमारे ३८,००० नावं आहेत. शेजारीशेजारी लिहिलेली, पण बहुतेकांपुढे नातं नाही. तिथे नुसत्या नावांवरून बाप-लेक जुळवायला बसलं तर हवी ती घराणी तयार होतील.

पोथीवाचक

मेगिंगाउडचा विचार कुणीच केला नाही. हा ऱ्हाइनकडचा काउंट ८९२ मध्ये मारला गेला, आणि रेगिनो त्याला ओडो राजाचा ‘नेपोस’ म्हणतो. त्याच वर्षी रेगिनो प्र्यूमचा मठाधिपती झाला होता, म्हणजे ही नोंद त्या काळातल्या, त्या भागातल्या माणसाची आहे. ओडोचे रक्ताचे नातलग ऱ्हाइनकडे होते याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

जुनंदप्तर

हा खरा पुरावा आहे, नावांच्या साखळीपेक्षा कितीतरी भक्कम. पण ‘नेपोस’चं मराठी करून पाहा. पुतण्या लिहायचं की भाचा? की नातू? लॅटिन शब्दात तिन्ही मावतात, कधी नुसता नातलगही. इंग्रजीत एका शब्दात पुतण्या-भाचा दोन्ही भागतात, म्हणून प्रश्न झाकला जातो. आपल्याला मात्र लिहितानाच ठरवावं लागतं की रेष भावाकडून गेली की बहिणीकडून. आणि ते ठरवायला हातात काहीच नाही.

नदीकाठ

हा मुद्दा मला सुचला नव्हता. तरी रिशेरचं काय? रॅंसचा हा भिक्षू दहाव्या शतकाच्या शेवटी लिहितो की ओडोचा आजा विटिखिन हा परका, जर्मानियातून आलेला होता. घराणं पूर्वेकडून आलं ही आठवण दीडशे वर्षांनीही शिल्लक होती.

पोथीवाचक

पण रिशेर मानला तर रॉबर्टच्या बापाचं नाव विटिखिन ठरतं, रॉबर्ट तिसरा बाद! शिवाय हे नाव ७८५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या सॅक्सनांच्या पुढाऱ्याची, विडुकिंडची आठवण करून देतं. मोठ्या घराण्याला मागाहून मोठा पूर्वज चिकटवणं त्या काळी सर्रास चालायचं. शार्लमेनच्या काळातल्या एका वंशावळीत शार्लमेनचा पूर्वज असलेल्या मेट्झच्या बिशप आर्नुल्फची आजी म्हणून आधीच्या राजघराण्यातल्या क्लोटार राजाची मुलगी ब्लिथिल्ड आणून बसवली आहे. तिच्या स्वतःच्या काळातला एकही कागद तिला ओळखत नाही.

नदीकाठ

म्हणजे रिशेरची ‘पूर्वेकडून आले’ एवढी आठवण घ्यायची आणि नाव सोडायचं. हे थोडं सोयीचं आहे हे कबूल करतो. तुटक रेष मान्य. पण रॉबर्ट तिसऱ्याचं नाव मी पुसणार नाही. त्याच्याइतका जवळ बसणारा दुसरा उमेदवार अजून कोणी दाखवलेला नाही. आणि मेगिंगाउडला तुम्ही कुठे ठेवणार? ओडोच्या भावाखाली की बहिणीखाली?

जुनंदप्तर

दोन्हीकडे नाही. ओडोच्या शेजारी सुटा ठेवणार, वर रेष न काढता, आणि नावाखाली रेगिनोचा शब्द जसाच्या तसा लिहिणार: नेपोस.