हेलिओस ४४-२ मध्ये फंगस दिसतंय, घेऊ की नको?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी, काल हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एका स्टॉलवर झेनिट-ई हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा आणि त्याला लावलेली हेलिओस ४४-२ लेन्स बघितली, पाच हजार सांगतोय. मला बॉडी नकोय, घरी बाबांचा पेन्टॅक्स के१००० आहे त्याला फक्त लेन्स लावायचीय. पण मोबाईलचा टॉर्च मारला तर पुढच्या काचेच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, शिवाय अ‍ॅपर्चरची पाती (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी) तेलाने चमकतायत. आणि अ‍ॅपर्चरला दोन रिंगा का आहेत तेच कळलं नाही, एक टकटक करत फिरते आणि दुसरी नुसतीच फिरते. काय करू?

फोंडा_३६एक्सपोजर
तेलाला अजिबात घाबरू नको. ४४-२ प्रीसेट लेन्स आहे, म्हणजे टकटकवाल्या रिंगवर आधी ठरवायचं की छिद्र किती लहान करायचं, समजा एफ ८ वर थांबायचं, मग दुसरी रिंग उघडून ठेवून फोकस करायचा आणि क्लिक करायच्या आधी ती बंद करायची. पाती तू हाताने फिरवतोस, स्प्रिंग नाही, त्यामुळे तेलाने ती हळू झाली तरी एक्सपोजर चुकत नाही. हेच तेल ४४एम सारख्या ऑटो लेन्सवर, म्हणजे जिची पाती क्लिक करताना आपोआप बंद होतात तिच्यावर असतं तर घेऊच नको म्हटलं असतं.
फंगसचं मात्र बघावं लागेल. ही झाइसच्या बायोटार ५८ एमएम एफ २ वरून केलेली, ४ ग्रुपमध्ये ६ काचा. पुढची काच एकटी आहे, तिच्या आतल्या बाजूचं फंगस साफ होतं. पण पात्यांच्या पुढेमागे दोन-दोन काचा चिकटवलेल्या आहेत, त्या चिकटलेल्या जागेत धागे शिरले असतील तर आपल्यासारख्याने काही करता येत नाही. टॉर्च मागून मार, पाती पूर्ण उघड आणि पुढून तिरकं बघ.

मडगावची_निगेटिव्ह
वरचं सगळं बरोबर, मी फक्त आपल्या हवेचं सांगते. माझी मीर-१ लेन्स मी तिच्या जुन्या चामड्याच्या केसमध्येच कपाटात ठेवली होती, पावसाळ्यात तशीच राहिली, चवथीला फोटो काढायला बाहेर काढली तर आत जाळं. एका दुकानात साफ करायला दिली तर कोटिंगवर ओरखडे पाडून परत दिली, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवते, काटा ४०-५० टक्क्यांच्या आत ठेवायचा. चामड्याची केस देत असेल तर घे हवी तर, पण त्यात लेन्स ठेवू नको, फंगस तिथेच वाढतं. आणि ही लेन्स साफ होईपर्यंत बाबांच्या बाकी लेन्सशेजारी ठेवू नकोस हं.

डिचोलीकर
धन्यवाद ताई. के१००० ला अडॅप्टर कुठलाही चालेल ना?

फोंडा_३६एक्सपोजर
नाही, बिनकडेचा घे, जो माउंटच्या आतच बसतो. एम४२ (हेलिओसचं आट्यांचं माउंट) आणि तुझ्या पेन्टॅक्सच्या के माउंटचं फिल्मपर्यंतचं अंतर सारखंच, ४५.४६ एमएम, म्हणून आत बसणाऱ्याने इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवर, फोकस मिळतो. बाहेर कड असलेल्याने लेन्स पुढे सरकते आणि समुद्राची रेघ कधीच शार्प येत नाही. मीटर वाचताना रिंग बंद करून वाच.
आणि या लेन्सचं ते गोल फिरल्यासारखं दिसणारं धूसर बॅकग्राउंड हवं असेल तर एफ २ वरच, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं, माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे लांब झाडाची पानं. उन्हात मात्र जमणार नाही, आयएसओ १०० च्या फिल्मला भर उन्हात एफ २ वर १/६४०० सेकंदाच्या आसपास शटर लागेल आणि के१००० मध्ये १/१००० च्या वर नाही. कुळागरात माडांच्या-पोफळींच्या दाट सावलीत जा, तिथे १/५०० पर्यंत उतरतं. समोरून सूर्य घेऊ नको, जुनं कोटिंग आहे, सगळं पांढरट होतं.

डिचोलीकर
आज परत जाऊन आलो. मागून टॉर्च मारला तर आतल्या काचांच्या मध्ये पण धागे होते, ती सोडली. त्याच्याकडेच खोक्यात दुसरी ४४-२ निघाली, सिरीयल ८१ ने सुरू होतोय म्हणजे बहुतेक १९८१ ची, पाती तेलकट पण काचा अगदी स्वच्छ. घेतली. अडॅप्टर मागवलाय, आला की पहिला रोल आजीचा, घरामागच्या कुळागरात.