दीर्घिकांच्या मधले तारकागुच्छ : 'मुक्त', 'भटके' की 'समूहांतर्गत'?

प्रश्न

दीर्घिकांच्या (म्हणजे आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या मेळाव्यांच्या) मोठ्या समूहात काही गोलाकार तारकागुच्छ कोणत्याच एका दीर्घिकेचे नसतात. त्यांच्याविषयीच्या मजकुरात 'आंतरसमूह' हा शब्द योजला असून एक वाक्य असे केले आहे : 'अरुंधती केश समूहात हजारो मुक्त तारकासमूह दीर्घिकांमध्ये तरंगत आहेत.' यात काही चुकते आहे का?

प्रतिसाद १

'तारकासमूह' आधी काढा. मृग, सिंह, शौरी हे तारकासमूह. त्यांतले तारे पृथ्वीवरून शेजारी दिसतात एवढेच, एकमेकांशी बांधलेले असतीलच असे नाही. ज्याच्या दिशेला हा दीर्घिकासमूह दिसतो तो अरुंधती केश हाही तारकासमूहच आहे, त्यामुळे वाचक गोंधळणार. आपापल्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेल्या ताऱ्यांना 'गुच्छ' म्हणावे आणि 'समूह' दीर्घिकांसाठी राखून ठेवावा.

'मुक्त'ही नको. 'मुक्त तारकागुच्छ' म्हटले की कृत्तिकेसारखा खुला गुच्छ डोळ्यांपुढे येतो : फार तर एक-दोन हजार तारे आणि तेही तरुण. इथे विषय आहे शौरीतल्या एम 13 (मेसियरच्या यादीतला 13 वा) सारख्या गुच्छांचा. लाखो तारे साधारण दीडशे प्रकाशवर्षांच्या गोलात दाटलेले आणि वय हजार कोटी वर्षांच्या वर. काही पुस्तकांत यांना 'बंदिस्त तारकागुच्छ' म्हणतात. तो शब्द घेतलात तर 'मुक्त बंदिस्त' अशी जोडी होईल, म्हणून 'गोलाकार'च बरा.

प्रतिसाद २

सगळ्यात मोठी चूक 'आंतरसमूह'मध्ये आहे. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरजिल्हा या शब्दांत 'आंतर' म्हणजे दोन किंवा अधिक गोष्टींच्या दरम्यानचे. 'आंतरसमूह' लिहिले की एका दीर्घिकासमूहापासून दुसऱ्यापर्यंतची पोकळी असा अर्थ होतो. हे गुच्छ तर समूहाच्या आतच आहेत. म्हणून 'समूहांतर्गत'. दीर्घिकांच्या बाजूने सांगायचे असेल तर 'आंतरदीर्घिकीय' चालेल.

'दीर्घिकांतर' मात्र करू नका. स्थलांतर, धर्मांतर, भाषांतर यांच्या शेजारी तो शब्द बसतो आणि 'एक दीर्घिका सोडून दुसरीत जाणे' असा अर्थ देतो. तशा घटनेला हा शब्द शोभेलही. धनू राशीतला एम 54 हा गुच्छ त्याच भागातल्या एका बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिकेचा आहे आणि ती दीर्घिका सध्या आपल्या आकाशगंगेत विरघळते आहे. त्याचे दीर्घिकांतर चालू आहे असे खुशाल म्हणावे.

आणखी एक. 'दीर्घिकांमध्ये' म्हणजे दीर्घिकांच्या आत, असेच पहिल्या वाचनात समजते. 'दीर्घिकांच्या मधल्या जागेत' लिहा.

प्रतिसाद ३

क्रियापदही बदला. तरंगणे म्हणजे आधार असून संथ हलणे. या समूहात दीर्घिका काय आणि गुच्छ काय, सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने फिरतात. दोन दीर्घिका जवळून गेल्या की भरती-ओहोटी घडवणारे बल त्यांच्या कडेचे तारे आणि गुच्छ ओरबाडून काढते. बटू दीर्घिका तर पुरत्या विस्कटतात, पण दाट असल्यामुळे गुच्छ टिकून राहतो. समूहांतर्गत गुच्छ बहुतेक निळसर, म्हणजे जड मूलद्रव्ये कमी असलेले आढळतात, कारण दीर्घिकांच्या कडेला आणि बटू दीर्घिकांत तसलेच गुच्छ जास्त असतात.

'भटका' हा शब्दही मला पटत नाही. दीर्घिकेचा सुटला तरी तो समूहाच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेलाच असतो. 2014 मध्ये कन्या समूहातल्या एम 87 या दीर्घिकेजवळ एक गुच्छ सापडला, तो आपल्या दिशेने सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने येतो आहे, तर एम 87 आपल्यापासून दूर चालली आहे. तो समूहही सोडून जाईल अशी शक्यता आहे. 'निसटलेला' हा शब्द अशासाठी ठेवावा.

प्रतिसाद ४

'हजारो आहेत' याबद्दलही थोडे. अरुंधती केश समूह सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. गुच्छाचा निम्मा प्रकाश ज्या 20 प्रकाशवर्षांच्या भागातून येतो, तो इतक्या अंतरावरून जेमतेम 0.013 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) दिसतो. दृश्य प्रकाशात हबल अंतराळ दुर्बिणीची मर्यादा 0.05 विकलेच्या आसपास, म्हणजे प्रतिमेत नुसता ठिपका, आणि नमुनेदार गुच्छाची प्रत (तेजाचे माप, आकडा मोठा तितका मंद) 27.5 च्या पुढे. आपल्या आकाशगंगेतले मंद तारे आणि फार लांबच्या इवल्या दीर्घिकाही तशाच दिसतात. म्हणून समूहापासून दूरचा आकाशाचा तुकडा घेऊन त्यातले ठिपके मोजतात आणि तेवढे वजा करतात. मग प्रत्येक दीर्घिकेचे स्वतःचे गुच्छ बाहेरच्या बाजूला कसे विरळ होत जातात याचा आलेख बसवून तेही वजा करतात. इथे दीर्घिकेचा पसारा लहान धरला तर तिचेच गुच्छ समूहाच्या खात्यात पडतात. मधल्या महाकाय लंबगोल दीर्घिकांपाशी हा धोका सर्वांत जास्त, कारण त्यांना स्पष्ट कड नसतेच.

अशा वजाबाकीतून 2011 मध्ये या समूहाच्या मध्यभागासाठी सुमारे 47,000 हा आकडा आला. 2018 मध्ये हबलच्या प्रतिमांत मोजलेल्या 22,426 गुच्छांशी त्याची गल्लत करू नका, त्यांत दीर्घिकांचे स्वतःचे गुच्छही आहेत. एकूण संख्येला 'अंदाजे', एकेका ठिपक्याला 'संभाव्य'.

प्रश्नकर्ता

मग असे : 'अरुंधती केश दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी, दीर्घिकांच्या मधल्या जागेत, अंदाजे 47,000 समूहांतर्गत गोलाकार तारकागुच्छ फिरत आहेत.'

प्रतिसाद २

'फिरत असावेत' करा, म्हणजे झाले.