'थ्रो'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, गेल्या महिन्यात हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवला. एक शब्द नीट न कळल्यामुळे स्लॅबला चार भोकं जास्तीची पडली, म्हणून इथे विचारतोय.

माहितीपत्रकात 'थ्रो रेशो 1.2' असं होतं. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, 'स्क्रीनला 1.2ने गुणा आणि तेवढ्या अंतरावर टांगा.' पडदा 100 इंची, म्हणजे 254 सेंटिमीटर. गुणाकार आला 305. भिंतीपासून टेप धरून 305वर पेन्सिलीने खूण केली, ड्रिल मारलं, प्रोजेक्टर टांगला. रात्री दिवे मालवून लावला तर चित्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना सोळा-सोळा सेंटिमीटर भिंतीवर सांडलेलं! या मॉडेलला झूम नाही, त्यामुळे लहानही करता येईना.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी कागदावर आकृती काढल्यावर कळलं. 100 इंच हा पडद्याचा कर्ण. गुणायची असते रुंदी. 16:9 प्रमाणातल्या 100 इंची पडद्याची रुंदी 221 सेंटिमीटर भरते, गुणिले 1.2 म्हणजे 265. आणि हे अंतर मोजायचं भिंगापासून पडद्यापर्यंत. प्रोजेक्टर 40 सेंटिमीटर पुढे आणावा लागला. टीव्ही असो, मोबाइल असो, सगळं कर्णावर विकतात, पण 'कर्ण' हा शब्द कोणी उच्चारत नाही. सातवी-आठवीत शिकलेला इतका नेमका शब्द दुकानात का वापरू नये?

आता मूळ प्रश्न. 'थ्रो'ला, म्हणजे भिंगापासून पडद्यापर्यंतच्या या अंतराला, काय म्हणायचं? प्रोजेक्टरला 'प्रक्षेपक' हा शब्द आहे आणि तो अगदी चपखल आहे. 'प्र' म्हणजे पुढे, 'क्षिप्' म्हणजे फेकणे. मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच. त्यावरून 'प्रक्षेप-अंतर' करता येईल. पण या धातूवर आधीच फार ओझं आहे. सामन्याचं थेट प्रक्षेपण, श्रीहरिकोट्याहून उपग्रहाचं प्रक्षेपण, आणि पोथीत मागाहून घुसवलेल्या ओव्या त्या प्रक्षिप्त. (एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच पाठांमुळे.) इलेक्ट्रिशियनला मी 'प्रक्षेप-अंतर 265' असं सांगितलं तर तो माझ्याकडे बघत राहील.

मला साधा 'फेक' हा शब्द सुचतो. फेक किती? 265. कसा वाटतो?

प्रतिसाद

मला एकदम पटला, आणि त्याचं कारण रंगभूमी. मी हौशी नाटकांत काम करते. आमच्याकडे 'शब्दफेक' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. तालमीत दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसतात आणि म्हणतात, 'फेक कमी पडतेय.' आवाज मोठा करा असा त्याचा अर्थ नसतो. किती लांब पोचवायचंय त्याचा अंदाज घेऊन, शब्द न पसरता तिथे पडला पाहिजे. प्रोजेक्टरचं भिंग दुसरं काय करतं?

शिवाय फेक म्हटलं की लांबीबरोबर जोर कमी होणं आपोआप ध्यानात येतं. त्याच भिंगाने अंतर दुप्पट केलं की चित्राचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढाच उजेड चौपट जागेत वाटला जातो. तुमचं चित्र पहिल्या रात्री नुसतं मोठंच नव्हतं, फिकटही असणार.

प्रतिसाद

फेक म्हटलं की लोकांना फेकून देणं आठवेल, नाहीतर थापा. 'काय फेकतोयस' असं म्हणतातच की. तांत्रिक शब्दाला थोडं वजन हवं. 'प्रक्षेप' अवघड वाटतो तो सवय नाही म्हणून. 'गुणोत्तर'सुद्धा कधीतरी नवाच होता.

धागाकर्ता

ताई, अगदी बरोबर, फिकट होतं. हिशेब केला तर उजेड पाऊणपटच उरला होता. मी उगाच दिव्याला दोष देत होतो.

थापांबद्दल: त्या अर्थाने आपण क्रियापद वापरतो. नाम आलं की अर्थ बदलतो. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक हे शब्द शाळेच्या मैदानावर पोरं रोज ओरडतात, त्यात कोणाला थाप दिसत नाही. आणि 'आखूड फेक', 'लांब फेक' अशी विशेषणं किती सहज लागतात! भिंतीला जवळजवळ चिकटून बसणारे प्रोजेक्टर असतात ना, 0.25 गुणोत्तराचे, माझ्या पडद्याला जेमतेम 55 सेंटिमीटरवर ठेवता येतील असे? ते 'अतिआखूड फेकीचे'. क्रिकेटमधला आखूड टप्पा माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'प्रक्षेपक' यंत्राला राहू द्या, ते किती लांबून टाकतं त्याला 'फेक' म्हणू या.

प्रतिसाद

'पडदा' या शब्दाचंही बघा. आमच्याकडे सुताराला 'पडद्यासाठी वर पट्टी ठोका' म्हटलं आणि त्याने खिडकीवर ठोकली. चूक त्याची नाही. अशा खोलीत दोन्ही पडदे लागतात, एक उजेड अडवणारा, दुसरा उजेड झेलणारा. तेव्हापासून आम्ही 'खिडकीचा पडदा' आणि 'चित्राचा पडदा' असं स्पष्ट म्हणतो. 'रुपेरी पडदा' म्हणावंसं वाटलं होतं, पण ते खरं ठरणार नाही. एके काळी सिनेमाच्या पडद्यावर खरोखरच धातूचा चमकदार लेप असायचा, शब्द त्यावरून आला. घरातला बहुधा साधा पांढराच असतो.

आणि प्रोजेक्टरचा पूर्वज मॅजिक लँटर्न. त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काय नाव दिलं माहीत आहे? 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुराची माया ती शांबरी, त्यावरून. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर दाखवायचे. नवी वस्तू आली की नवा शब्द घडवायची हिंमत होती त्या माणसांत.

धागाकर्ता

काय नाव आहे! आनंद झाला. त्यांच्याच धीरावर अजून दोन शब्द पुढे करतो.

'कॉन्ट्रास्ट'ला 'उठाव'. साडीच्या काठाबद्दल, रांगोळीबद्दल आपण 'रंगाला उठाव आला' असं म्हणतोच. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त उजेड टाकतो; पडद्यावर काळं दिसतं ते उजेड न पडलेलं पांढरं कापड. खोलीत ट्यूबलाइट चालू असली की ते कापड राखाडी दिसतं आणि उठाव जातो. भिंत गडद रंगवायला सांगतात ती यासाठी.

दुसरा 'कीस्टोन'. प्रोजेक्टर खालच्या स्टुलावर ठेवून तोंड वर केलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. भूमितीत समलंब चौकोन, पण आईने बघितल्या बघितल्या म्हटलं, 'अरे, हे तर सुपासारखं झालंय.' मेनूमधून तो आकार सरळ करता येतो, पण तसं करताना कडेचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं किंचित पुसट होतात. मी ते बंद ठेवलंय आणि प्रोजेक्टरच पडद्याच्या समोर सरळ टांगलाय. स्लॅबवर शेजारी पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय, 'फेक 265, भिंगापासून'.

तो आकार सरळ करण्याला 'सूप काढणे' चालेल का?