मदत हवी आहे: भावाच्या गुडघ्यातला एसीएल तुटलाय, अ‍ॅक्युपंक्चरवर किती विसंबावं? (गुहागर)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझा धाकटा भाऊ 21 वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या वाडीत रात्रीचे सामने होते. बोनस घेऊन तो मध्यरेषेकडे वळला, उजवा पाय मातीत रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. कुणी पकडही केली नव्हती. आतून 'कट्' असा आवाज आला म्हणतो. तासाभरात गुडघा टम्म सुजला. त्याच रात्री गावातल्या एकांनी तेल लावून जोरात चोळला आणि पाय ओढून 'बसवून' दिला. मी घरी नव्हते. असते तर हात लावू दिला नसता.

चिपळूणला एमआरआय केला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं धरून ठेवणारा लिगामेंट, पूर्ण तुटलाय आणि हाडांमधल्या आतल्या बाजूच्या गादीला चीर आहे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मग दुर्बिणीतून ऑपरेशन करू.

इथे मामांनी सुयांचा विषय काढला. त्यांची कंबर अ‍ॅक्युपंक्चरने बरी झाली होती. चिपळूणला दर गुरुवारी एक जण बाहेरगावाहून येतात. ते म्हणाले, बारा वेळा या, लिगामेंट जुळून येईल, ऑपरेशनची गरज नाही. दोनदा जाऊन आलो. मी शेजारीच बसले होते. वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला जो खळगा असतो तिथे एक सुई, मग चार बोटं मोजून खाली नडगीच्या बाहेर दुसरी, अशा सात-आठ. केसासारख्या बारीक. पंचवीस मिनिटं ठेवल्या. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. त्या रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला. म्हणून तर माझा गोंधळ झालाय.

कारण तिसऱ्याच दिवशी पाखाडी उतरताना गुडघा आतल्या आत सरकला. आमचं घर खाली आहे, रस्त्यापासून साठ-पासष्ट चिऱ्याच्या पायऱ्या. शेजाऱ्यांच्या गडग्याला धरलं म्हणून वाचला. दुखत नव्हतं, म्हणून काठी घरीच ठेवून निघाला होता.

सुयांनी तुटलेला लिगामेंट खरंच जुळतो का? ऑपरेशन पुढे ढकलून बारा गुरुवार थांबलो तर काही बिघडेल का? की दोन्ही सोबत करता येतं? आई मामांच्या बाजूने आहे, तिला भुलीची भीती वाटते. भावाचा जीव शिमग्यात अडकलाय, पालखी खांद्यावर घ्यायची म्हणतो. कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद: फिजिओ_रत्नागिरी

ताई, तुम्ही पाखाडीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. दुखणं आणि गुडघा सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुयांनी दुखणं कमी होऊ शकतं. पण सरकणं थांबवतो तो लिगामेंट, आणि पूर्ण तुटलेला एसीएल सहसा आपोआप नीट सांधत नाही. हाड मोडलं की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि तिच्यावर जोड उभा राहतो. एसीएल सांध्याच्या आत, वंगणात बुडालेला असतो, तिथे गुठळी टिकत नाही. म्हणून तर नुसता शिवून भागत नाही, मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन (दोरीसारखा चिवट पट्टा) घेऊन नवा बसवतात. बारा वेळा येऊन जुळेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर निर्णय सोडू नका.

अ‍ॅक्युपंक्चरला मी नावं ठेवत नाही. गुडघ्यावर त्याचे जे अभ्यास झालेत ते मुख्यतः वयस्कांच्या झिजेचे, आणि त्यांचेही निष्कर्ष एकसारखे नाहीत. खेळाडूच्या तुटलेल्या एसीएलला ते लागू करता येत नाहीत. दुखणं कमी झाल्यामुळे तो मांडीचे व्यायाम नीट करत असेल, तर सुया सोबत चालू द्या. फक्त सुई सीलबंद पाकिटातली, एकदाच वापरायची हवी, सांध्याच्या आत जाता कामा नये, आणि तुमच्या सर्जनना हे माहीत हवं. सूज गरम लागली किंवा ताप आला तर सुया तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. ऑपरेशन झाल्यावर जखम भरेपर्यंत तिच्या आसपास सुई नको. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

आता ऑपरेशन. लगेच कापायलाच हवं असंही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांत व्यायामवाल्यांपैकी साधारण निम्म्यांना ऑपरेशन करावं लागलं. मात्र तो गट नुसता थांबला नव्हता, फिजिओच्या देखरेखीखाली रोज घाम गाळत होता. तुमच्या भावाला वळणं-थांबणं असलेला खेळ खेळायचा आहे, गादीलाही चीर आहे आणि पायरीवर गुडघा सरकतोय. दर सरकण्याला ती चीर वाढू शकते. त्यामुळे माझं मत सर्जनच्या बाजूने. गुडघा अडकला, सरळच होईना, तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

तोवर टाच उशीवर ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडी आवळून पाच सेकंद धरणं, दिवसातून चार-पाच वेळा. पाखाडीवर काठी हवीच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि एक करा: दोन्ही मांड्यांचा घेर वाटीच्या वर 10 सेंमीवर मोजून इथे लिहा.

प्रतिसाद: मालवणचा_कोपरारक्षक

माझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. पहिल्या वेळी मी सहाव्या महिन्यात मैदानात उतरलो, दुखत नव्हतं म्हणून. परत तोच गुडघा गेला. दुसऱ्या खेपेला पूर्ण एक वर्ष थांबलो. नऊ महिन्यांच्या आत कुणी खेळू देत असेल तर भावाला तिथे पाठवू नका. सुया मीही घेतल्या, दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात. झोप लागायची, मांडीचा पीळ सुटायचा. त्यापलीकडे जे काही कमावलं ते व्यायामाने. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत हे बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा, शिधापत्रिका आणि आधार सोबत न्या.

शिमग्याचं त्याला आत्ताच सांगून टाका. पालखी नाचवताना खांद्यावर वजन आणि पायात गिरकी, गुडघ्याला याहून वाईट काही नाही. ढोल वाजवू दे बसून.

प्रतिसाद: जुना_वाचक

मामा डॉ. कोटणीसांचा दाखला देत असतील तर एक सांगा. सोलापूरचे कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून, सुयांसाठी नव्हे, आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर शिकून कोलकात्यात सुरू केलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांनी कोटणीसांचंच नाव घेतलं होतं. आज त्यांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, सर्जनकडे मी येतो सोबत.

आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. डावी मांडी 49.5 सेंमी, उजवी 46. तीन आठवड्यांत साडेतीन सेंमी! आईने टेप पुन्हा लावून बघितली, तेच आलं. तेव्हापासून ती स्वतः घड्याळ घेऊन त्याच्यासमोर बसते आणि पाच सेकंद मोजते.

फिजिओदादा, सोमवारी सर्जनकडे जातोय. मांडी एवढी उतरलेली असताना ऑपरेशन लगेच करतात, की ती भरून येईपर्यंत थांबतात? आणि तोवर गुरुवारच्या सुया व्यायामाआधी घ्याव्यात की नंतर?