लाल बावटा, आपापसातली फूट आणि मतदान : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

भद्रकालीकर

बरेच दिवस मनात होतं म्हणून हा धागा काढतोय. आपल्या जिल्ह्यात लाल झेंड्याखाली माणूस हजारांनी जमतो, २०१८ च्या मार्चमधे अख्ख्या देशाने ते पाहिलं, पण मतमोजणीच्या दिवशी ती माणसं कुठे जातात? डाव्यांची आपापसातली फूट हे कारण आहे का, का अजून काही आहे? पेपरातलं विश्लेषण नको, स्वतः पाहिलेलं सांगा.

माझ्यापासून सुरू करतो. आमच्या घरातली फूट माझ्या जन्माच्या आधीची आहे. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा वडील आणि थोरले काका दोघंही कार्डहोल्डर होते. चीनचं युद्ध होऊन दोन वर्षं झालेली, काँग्रेसशी किती जवळ जायचं, रशियाचं बरोबर का चीनचं, यावर आमच्या दोन खोल्यांत रात्र रात्र वाद चालायचे असं आई सांगायची. वडील जुन्या पक्षात राहिले, काका मार्क्सवादीत गेले. मग गल्लीत एकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे म्हणायला लागले. आईने दोघांसाठी झेंडे शिवले, एकावर कणीस-विळा आणि दुसऱ्यावर विळा-हातोडा-तारा, पण कापड एकाच ताग्यातलं. पुढे कितीतरी वर्षं १ मे ला दोघं भाऊ एकाच घरातून निघायचे आणि दोन वेगळ्या सभांना जायचे. मी लहानपणी विचारलं होतं की दोघंही कामगारांसाठीच भांडता ना मग वेगळे का, तर वडील बराच वेळ समजावत बसले. मला तेव्हाही नीट कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आज साठीला आलो तरी त्या फुटीने नाशिकच्या कामगाराला काय मिळालं हे मला सांगता येत नाही.

सुरगाण्याची लेक

दादा मी लिहिते. २०१८ ला मी बारावीत होते, आईबाबा दोघंही शेतकऱ्यांच्या पायी मोर्च्यात. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून निघाले, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर, कसारा घाटात आईची चप्पल तुटली तर बाबांनी सुतळीने बांधून दिली, तशीच ती चालली. ११ तारखेला सोमय्या मैदानावर मुक्काम होता पण दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर, म्हणून रात्रीच उठून चालत आझाद मैदान गाठलं. आई आजही हे सांगताना रडते. आमची स्वतःची परीक्षा चालू होती आणि आई दुसऱ्याच्या पोरांसाठी रात्री चालली याचं मला फार वाटतं.

आता मतदानाचं. आमच्याकडे मार्क्सवादी पक्षाचे जे. पी. गावित सात वेळा आमदार झालेत, म्हणजे इथे लाल बावटा काही पाहुणा नाही. पण पूर्वी सुरगाणा वेगळा मतदारसंघ होता, तो मोडला आणि २००९ पासून कळवणला जोडला. कळवण म्हणजे ए. टी. पवारांचं घर. त्याच २००९ ला गावित त्यांच्याकडून पडले, २०१४ ला परत आले, मग २०१९ आणि २०२४ ला ए. टीं.च्या मुलाकडून, नितीन पवारांकडून पडले, दोन्ही वेळा अंतर दहा हजाराच्या आत. २०१९ च्या लोकसभेला दिंडोरीत लाखाच्या वर मतं पडली तरी तिसरा नंबर. लांबून बघणारे म्हणतात लोक फिरले. फिरले नाहीत हो, मतदारसंघच बदलला.

पण माझ्या घरातलं पण सांगते, लपवायचं कशाला. आई म्हणते मरेपर्यंत मत विळा-हातोडा-ताऱ्यालाच. बाबा मागच्या दोन विधानसभांना दुसरीकडे. त्यांचं म्हणणं असं की मोर्च्याने वनजमिनीचा दावा पुढे सरकतो ते खरं पण पाड्याचा रस्ता, टँकर, विहीर, मास्तरची बदली ही कामं ज्याचं सरकार त्याचा आमदार असला तरच होतात. यावरून घरात आठ आठ दिवस अबोला असतो. मला दोघांचंही पटतं आणि त्याचाच त्रास होतो.

अंबड-सातपूर

मी सतरा वर्षं एमआयडीसीत आहे, महिला कामगार, युनियनच्या कमिटीवर होते. कंपनीचं नि युनियनचं नाव नको. आमच्याकडे एकच लाल युनियन होती, वेतन करार चांगले व्हायचे. मग एका कराराच्या वेळी पुढाऱ्यांमधे फाटलं. वाद काय होता तर कंत्राटी पोरांना मेंबर करायचं का नाही. काही जण म्हणाले आधी पर्मनंटचा करार होऊ दे, दुसरे म्हणाले कंत्राटींना घेतलं नाही तर उद्या पर्मनंट उरणारच नाही. दोघांच्या तोंडी मार्क्स होता बरं का. शेवटी एक गट बाहेर पडला, गेटवर दोन बोर्ड लागले दोन्ही लाल, आणि मॅनेजमेंटने दोन्हींशी बोलणी वेगवेगळी केली. आज माझ्या लाईनवर दहा जणात सात जण कंत्राटी आहेत आणि एकाही युनियनच्या यादीत त्यांचं नाव नाही. मी तेव्हा पहिल्या गटात होते. चुकलं माझं, आता कळतंय.

निवडणुकीचं म्हणाल तर एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमच्या शॉपमधली निम्मी माणसं जळगाव धुळ्याकडची, काही विदर्भातली, काही बिहार यूपीची. खोली सिडकोत नाहीतर सातपूर कॉलनीत भाड्याची आणि मतदार यादीत नाव गावाला. गेट मीटिंगला घसा फोडून घोषणा देणारा माणूस मतदानाला एसटी पकडून चाळीसगावला जातो आणि तिथे भाऊबंद सांगतील त्याला मत देतो कारण तिथे लाल झेंडा उभाच नसतो. २०१९ ला नाशिक पश्चिममधून मार्क्सवादी पक्षाचे डॉ. डी. एल. कराड उभे होते, आम्ही जीव तोडून फिरलो, दारोदारी ओळखीचे कामगार भेटायचे, ताई चहा घ्या म्हणायचे आणि वर सांगायचे आमचं नाव इथे नाही ओ. आणि ज्यांचं नाव आहे त्यांच्या घरात मत ठरतं नगरसेवकावर, ड्रेनेजवर, जातीवर आणि गणपती मंडळावर. पगारवाढीसाठी आम्ही, बाकी आयुष्यासाठी दुसरं कुणीतरी असं झालंय.

दाभाडीचा नातू

अंबडच्या ताईंनी लिहिलं त्यावर वाटलं की हे तर जुनंच आहे. मी मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीचा. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) दाभाडी प्रबंध म्हणतात तो १९५० साली आमच्या गावात मंजूर झाला. पक्ष निघाला १९४७ ला, केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही बहुजन समाजातली मोठी माणसं काँग्रेसमधून बाहेर पडली आणि तीन वर्षांत मार्क्सवाद स्वीकारतो असं जाहीर झालं. आजोबा त्या अधिवेशनाला भाकऱ्या पोचवणाऱ्यात होते. त्यांची एक सल कायम होती. प्रबंध मंजूर झाल्यावर काही वर्षांतच जेधे मोरे परत काँग्रेसमधे गेले, दुसरीकडे अजून डावीकडे जाणारे लाल निशाण गटात गेले, आणि गावातला साधा मेंबर मधेच उभा राहिला. आजोबा म्हणायचे आम्ही कुणाला सोडून गेलो नाही रे, सगळे आम्हाला सोडून गेले.

आणि २०२४ ला काय झालं बघा. रायगड म्हणजे शेकापचं घर. उरण, पेण, पनवेलला शेकाप आणि उद्धव ठाकरेंची शिवसेना, दोघं म्हणे एकाच महाविकास आघाडीतले, आणि समोरासमोर उमेदवार. तिन्ही जागा गेल्या. राज्यात एक सांगोला तेवढी आली आणि तिथेही ठाकरेंचा उमेदवार होताच. आजोबा असते तर त्यांना वाईट वाटलं असतं, मला तर वाटलंच.

सिन्नरहून

माझं माहेर सोलापूर, आई विडी कामगार. मार्क्सवादी पक्षाच्या आडम मास्तरांनी घरकुलं उभी केली, पुढे रे नगरची ३० हजार घरांची योजना, हे आमच्या घरात देवासारखं बोललं जातं. २०१९ ला त्याच योजनेच्या कार्यक्रमात पंतप्रधानांचं कौतुक केलं म्हणून पक्षाने मास्तरांना केंद्रीय कमिटीतून तीन महिने निलंबित केलं. आईला पक्षाची लाईन वगैरे काही समजत नाही, तिने एवढंच विचारलं की घर दिलं त्याला धन्यवाद म्हणायचं नाही का? मी पक्षाच्या बाजूने समजवायचा प्रयत्न केला, पण तिला नाही पटलं. २०२४ ला सोलापूर शहर मध्यला मास्तर उभे आणि आघाडीतल्या काँग्रेसचाही उमेदवार उभा, जागा भाजपला.

गंजमाळ

वर सगळ्यांनी कम्युनिस्टांबद्दल लिहिलं, मी आंबेडकरी घरातला आहे आणि मला वाटतं मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. याच नाशकातून १९५७ ला दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे, संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, शेकाप, प्रजा समाजवादी सगळे एकत्र होते तेव्हा. काळाराम मंदिर सत्याग्रहातला माणूस आणि लाल झेंडा एका स्टेजवर. दादासाहेबांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले तेव्हा डाव्यांशी जवळीक होती, आणि त्याच मुद्द्यावरून फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षात फूट पडली, बी. सी. कांबळेंचा दुरुस्त गट वेगळा. म्हणजे एकत्र यायचा प्रयत्न केला की फूट, नाही केला तरी फूट. पलीकडे धुळ्याचे शरद पाटील जातीचा प्रश्न वर्गाइतकाच मूळचा आहे असं सांगत होते, १९७८ ला मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडून त्यांना सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढावा लागला. मी स्वतः कॉलेजात असताना एका डाव्या विद्यार्थी संघटनेत होतो (नाव देत नाही), शिबिरात जातीबद्दल प्रश्न विचारला की आधी वर्ग समजून घे असं उत्तर यायचं. तिसऱ्या वेळेला मी जायचं सोडलं. माझ्याबरोबर अजून चार जण सुटले. त्या चौघांच्या वस्तीत मिळून किती मतं असतील याचा हिशोब कुणी केला नाही.

दिंडोरी बूथ

थोडक्यात. २०२४ लोकसभेला आमच्याकडे गावितांनी अर्ज मागे घेतला आणि लाल झेंडेवाले शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या भास्कर भगरे सरांसाठी फिरले. मी बूथवर होतो. गडबड अशी की सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि भगरेच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी, त्याला लाखाच्या वर मतं गेली तरी सर निवडून आले. मतं फुटली नाहीत तर काय होतं ते मी डोळ्याने पाहिलंय. मग विधानसभेला कळवणची जागा आघाडीने मार्क्सवादीला सोडली तर उलट्या दिशेने मतं तितकी आली का? मला शंका आहे. आमचे कार्यकर्ते यांच्यासाठी रात्रंदिवस फिरले, यांचे किती फिरले ते मी पाहिलंय, जास्त बोलत नाही.

भद्रकालीकर

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. गंजमाळकरांचा मुद्दा मनाला लागला, आमच्या घरात दोन पक्ष होते पण हा प्रश्न दोघांपैकी कुणीच काढला नव्हता, हे आज लक्षात आलं.

सुरगाण्याच्या ताई, तुमच्या आईच्या वनजमिनीच्या दाव्याचं पुढे काय झालं?

सुरगाण्याची लेक

पट्टा मिळाला दादा, पण कसतो दोन एकर आणि कागदावर आलंय अकरा गुंठे. परत मोजणीचा अर्ज दिलाय, कचेरीत चार चकरा झाल्या. २०२३ ला दिंडोरीहून मोर्चा निघाला तेव्हा पण आई गेली होती, वाशिंदपर्यंत. आता पुढचा निघाला की जायचं म्हणून तिने चांगले बूट घेऊन ठेवलेत, या वेळी चप्पल नाही म्हणते. बाबांनी पण स्वतःसाठी एक जोड आणलाय.