पोटाला बॅग, पाठीला सॅक (अनुभव धागा)

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या पोटावर शी किंवा लघवी गोळा करणारी बॅग आलीय त्यांच्यासाठी आणि घरच्यांसाठी हा धागा काढतेय. डिस्चार्जच्या वेळी जड उचलू नका, पथ्य पाळा, बॅग अशी बदला वगैरे सगळं नीट सांगतात. पण किल्ल्यावर जाता येईल का, विहिरीत पोहता येईल का, सायकल मारली तर फ्लँज (बॅग जिच्यावर बसते ती कातडीला चिकटणारी चकती) सुटेल का हे कुठल्याच कागदावर नसतं. नातेवाइकांना विचारलं तर उत्तर एकच, आता कशाला ते, आराम करा. आराम करून करून कंटाळलेल्यांनी इथे लिहा. शी-शू, वास, गळती सगळं चालेल, लाजू नका.

सुरुवात माझ्यापासून. रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर, रेडिएशन, मग ऑपरेशन, कायमची कोलोस्टोमी. म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढलंय. (नवीन लोकांसाठी: लहान आतड्याचं टोक बाहेर काढलं तर आयलिओस्टोमी, ती बहुतेकदा उजवीकडे असते आणि पातळ येतं. मूत्राशय काढलं तर युरोस्टोमी, त्यात लघवी सतत येत राहते. तिघांची दुखणी वेगळी, म्हणून आपली कुठली ते आधी लिहा.) स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं ते तोंड, लालभडक असतो, पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, पण त्याला स्वतःला दुखत नाही, दुखते ती आजूबाजूची कातडी.

मी ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी इरिगेशन करते. कोनमधून कोमट पाणी स्टोमात सोडायचं, अर्धा ते एक लिटर, आणि तास-पाऊण तास बाथरूममध्ये गाणी ऐकत बसायचं. आतडं रिकामं झालं की पुढचा दिवसभर बॅगेत जवळपास काही येत नाही. हे फक्त डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीला जमतं, तेही सगळ्यांना नाही, आधी सर्जनला विचारा आणि स्टोमा नर्सकडून समोर बसून शिका, व्हिडिओ बघून करू नका. दुसरी गोष्ट सॅकची. कमरेचा पट्टा बरोबर स्टोमावर येतो! मी तो सैल ठेवून छातीचा पट्टा आवळते आणि वजन कमी नेते. ऑपरेशनच्या आधी नर्सने बसवून, वाकवून, उभं करून पेनाने खूण केली होती आणि सलवारीची नाडी कुठे बांधता ते विचारलं होतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी त्याच वेळी सांगून टाका की मी सॅक लावते, सायकल चालवते, नऊवारी नेसते, जे असेल ते.

सिंहगडकर

आयलिओस्टोमी, तात्पुरती, केमो संपल्यावर आतडं परत आत जोडणार होते आणि जोडलं पण. पण मधल्या काळात मी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड सोडला नाही, हळू का होईना. आयलिओवाल्यांचा खरा शत्रू गळती नाही, पाणी कमी होणं हा आहे. मोठं आतडं जे पाणी आणि मीठ शोषून घेतं तेच आपल्या रस्त्यात नाही त्यामुळे घाम आणि बॅग दोन्हीकडून मीठ जातं, आणि तहान लागली म्हणून नुसतं साधं पाणी ढोसलं तर उलट बॅग जास्त भरते आणि आणखी मीठ घेऊन जाते. मी ओआरएसची एक लिटरची बाटली वेगळी ठेवायचो आणि चढताना घोट घोट. सगळे शहाळं घे शहाळं घे म्हणतात, पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, आपल्याला हवं असतं सोडियम, त्यामुळे शहाळं चवीला ठीक, ओआरएसच्या जागी नाही. दिवसभरात दीड लिटरच्या वर बॅगेत आलं किंवा लघवी गडद आणि कमी झाली तर गड राहू दे, डॉक्टरांना फोन.

खाणं म्हणाल तर पावसाळ्यात वर मक्याची कणसं भाजत असतात, तो वास, आणि आपण कणीस खायचं नाही!! मका, ओलं खोबरं, शेंगदाणे, मशरूम हे नीट न चावता गेलं तर स्टोमाच्या तोंडाशी अडकून बसतं. गडावरचं मडक्यातलं दही आणि पिठलं-भात मात्र मजेत चालायचं. भात, केळं, बटाटा याने घट्टही होतं.

अजून एक जे कुणी लिहीत नाही. केमोत ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध होतं त्याने बोटांना मुंग्या आणि तळपाय बधिर, थंड पाण्याची बाटली धरली तरी झिणझिण्या यायच्या. उतरताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही, पिशवीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची. दोन काठ्या घ्या, वय झालं म्हणतील म्हणू देत.

पायडलमारी, कोल्हापूर

कायमची कोलोस्टोमी. माझ्यात गुदद्वार काढून खाली शिवून टाकलंय, म्हणजे सायकलवाल्याला नेमका जिथे सीटचा भार येतो तिथेच टाके. ती जखम भरायला लोकांना कित्येक महिने लागतात, रेडिएशन झालं असेल तर जास्तच, तेव्हा घाई नको. पोट बरं झालं म्हणजे बूड बरं झालं असं नाही. मी मध्ये खाच असलेली सीट बसवली आणि हँडल वर घेतलं कारण खाली वाकलं की बॅग मांडी आणि पोटात दुमडते आणि सगळं फ्लँजखाली सरकतं. बॅग उभी न लावता तिरकी लावा, कमरेच्या बाजूला वळवून.

फ्लँज राइडच्या सकाळी बदलायचा नाही, आदल्या रात्री, म्हणजे चिकटायला वेळ मिळतो. सकाळी घाईत लावलेला गगनबावडा रोडला पहिल्या चढावर सुटायला लागतो. आणि स्पेअर सामान उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, चिकट थर मऊ पडतो.

एक विचित्र गोष्ट, अजूनही मधूनच शी लागल्यासारखं होतं, जिथून व्हायची ती जागाच नाही तरी! डॉक्टर म्हणाले नसा विसरत नाहीत, होतं असं. आता लागली की हसू येतं आणि एक गियर टाकतो.

२०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची इच्छा आहे, साडेतेरा तास मिळतात, वेळेचा प्रश्न नाही. मध्ये बॅग रिकामी करायला बरी जागा मिळेल का हा आहे. पेट्रोल पंपांवर सगळी भिस्त.

इंद्रायणीकाठची

माझं नाही, वडिलांचं लिहितेय, ते स्वतः टाइप करत नाहीत. वारी हा छंद म्हटलेलं त्यांना आवडणार नाही पण बाहेर चालणं म्हणाल तर त्याहून मोठं चालणं आमच्या घरात नाही. कोलोस्टोमीनंतर बाबा म्हणाले आता आळंदीला निरोप द्यायला जाऊ आणि परत येऊ. त्यांना चालण्याची भीती नव्हती, विटाळाची होती. गळ्यात माळ, पोटावर ही पिशवी, पंगतीला कसा बसू, कीर्तनात वाजली तर (आवाज होतोच, थांबवता येत नाही). शेवटी दिंडीच्या महाराजांना जाऊन सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "अहो सगळ्यांच्याच पोटात तेच आहे, तुमचं बाहेर दिसतंय एवढंच." झालं. बाबा निघाले.

सगळं अंतर नाही केलं, सर्जनने सांगितलं तसं काही टप्पे पायी, काही दिंडीच्या ट्रकमध्ये बसून. दिवे घाट मात्र चालायचाच होता, चालले. व्यवस्था अशी: फ्लँज घरीच मापाने कापून ठेवलेले, एकेक बदलीचं सामान एकेका पाकिटात, ओला रुमाल, कोरडा रुमाल, वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या. फिरत्या शौचालयाला पहाटे साडेतीनला जायचं म्हणजे रांग नाही. एकादशीला साबुदाण्याने त्यांना कोठा धरतो म्हणून राजगिरा आणि ताक. आई तर आता दिंडीतल्या बायकांना स्टोमा समजावून सांगते, इतकी धीट झालीय की आम्हालाच लाजायला होतं.

रोहितपक्षी

युरोस्टोमी. मूत्राशयाचा कॅन्सर बायकांना पण होतो हो, मला विचारतात तंबाखू खायचात का! नव्हते खात.

मी पक्षी बघते. भिगवणला उजनीच्या पाण्यात पहाटे नाव घेतली की दोन-तीन तास परत काठ नाही. आमच्या ग्रुपमधल्या बाकी बायका त्या भीतीने आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात आणि मी आरामात थर्मास उघडून बसते, कारण सलवारीच्या आत पायाला लेग बॅग बांधलेली असते, पोटावरच्या बॅगेला नळीने जोडून. तीनेक तासाची काळजी नाही. एक मैत्रीण म्हणाली मला पण लावून दे एक :) युरोवाल्यांनी पाणी कमी करायचंच नाही, कमी केलं की इन्फेक्शन. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, लघवीला बाहेर वाट करायला आतड्याचा तुकडा वापरलेला असतो तो चिकट स्राव सोडतच राहतो. ताप, थंडी, कमरेत दुखणं हे मात्र अंगावर काढू नका.

नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावर चढायच्या आधी बॅग रिकामी करा, वरून कुणालाच लवकर उतरायचं नसतं.

वावरातला माणूस

तुमच्या छंदाचं छान आहे. आम्हाला वावरात जावंच लागते, छंद म्हणा की काम म्हणा. बॅगा महाग, एकेक काही शे रुपयाची, म्हणून मी खालून उघडणारी वापरतो, धुतो आणि जेवढी टिकते तेवढी टिकवतो. मोठ्या दवाखान्यातल्या स्टोमा क्लिनिकला आणि मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाला विचारा, तिथे आपल्यासारख्यांना मदत आणि माहिती भेटते. मे महिन्यात प्लास्टिक अंगाला चिकटून घामोळं येते, बायकोने जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली बॅगेला, त्याच्यासारखं काही नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेणं बंद केलं, तो भरला की वजन लय होते आणि स्टोमाजवळ हर्निया निघतो असं डॉक्टर बोलले. भाऊ घेतो आता. संध्याकाळी बांधावर बसतो तेवढा छंद.

विहिरीतला बेडूक

वय २६, सातारा जिल्हा, आयलिओ. वंशपरंपरेने आतड्यात पॉलिप (छोट्या गाठी) होतात त्या आजारात कॅन्सर सापडला, सगळं मोठं आतडं काढलं. पोहायला जाता येईल का विचारणाऱ्यांना, हो. बॅग पाण्यासाठी बंदच असते, फक्त वरच्या फिल्टरच्या भोकावर त्याचा स्टिकर लावा नाहीतर फिल्टर भिजून गॅस बाहेर पडत नाही. आधी रिकामी करायची, जेवून लगेच उतरायचं नाही, वर घट्ट टीशर्ट. मुटका बंद केलाय, पायऱ्यांनी उतरतो. बाहेर आलो की फ्लँजच्या कडा टॉवेलने टिपून कोरड्या.

चुलते म्हणाले पाणी बाटेल. विहीर शेताची, पाणी उसाला जातं, त्यात म्हशी पण डुंबतात, आणि माझं सगळं सीलबंद. आजी त्यांना जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

तळ्यांच्या देशात

मी इंग्लंडमध्ये, कोलोस्टोमी, लेक डिस्ट्रिक्टला चालायला जातो. इथे बॅगा प्रिस्क्रिप्शनवर फुकट घरपोच येतात, वावरातल्या दादांचं वाचून अपराधी वाटलं. रडार की नावाची एक किल्ली मिळते, तिने देशभरातली अपंगांसाठीची कुलूपबंद शौचालयं उघडतात, बाहेर पडायची निम्मी भीती त्या किल्लीने जाते. आपल्याकडे किल्ली नको, नुसती टॉयलेटं द्या. पावसात पोंचो घाला, रेनपँटचं इलॅस्टिक स्टोमावर बसतं. विमानात फ्लँज कापूनच न्या, कात्री काढून घेतात, आणि सामान हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

नवीनच_आहे

सगळ्यांना धन्यवाद. आईला कोलोस्टोमी होऊन चार महिने झाले, ती पूर्वी कळसूबाईला दरवर्षी जायची. दोन प्रश्न, डोंगरावर बॅग कुठे टाकता? आणि वर उंचीवर ती फुगते का?

(धागाकर्ती)

टाकत नाही गं, खाली परत आणतो. बॅग कागदात गुंडाळून दोन काळ्या पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. आतला मैला वाटेपासून आणि पाण्यापासून लांब वीतभर खड्डा खणून त्यात आणि वर माती. टॉयलेटमध्ये बॅग कधीच फ्लश करू नका, तुंबतं. फुगण्याचं म्हणशील तर कळसूबाई १६४६ मीटर, तेवढ्याने फारसं जाणवत नाही, हिमालयात मात्र चिप्सच्या पाकिटासारखी टम्म होते, तेव्हा गॅस मधून मधून सोडायचा. कांदा, कोबी, वाटाणे आदल्या दिवशी टाळले की बराच फरक पडतो.

पण चार महिन्यात कळसूबाई नको लगेच. आधी घराजवळची टेकडी, सर्जनने हो म्हटल्यावर, पोटाला सपोर्टचा पट्टा लावून, आणि तो स्टोमाला भोक असलेला घे, साधा पट्टा बॅग दाबून टाकतो. आईचं माप स्टोमा नर्सकडे झोपवून आणि उभं करून दोन्ही घ्यायला सांग. साइज कळला की इथे टाक, माझ्याकडे एक न वापरलेला पडलाय, बसत असेल तर पाठवते.