४५० बीएचपी आणि ताकद मागच्या चाकांवर: अशा गाडीवर हात कसा बसवायचा?

सावकाश_आरपीएम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांवर, ट्विन टर्बो, ४५० बीएचपी, ५५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), वजन साधारण १५५० किलो. आठ गिअरचा ऑटोमॅटिक, स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल. मागचे टायर २७५/३५ आर १९, खाचा ४ मिलिमीटर शिल्लक. याआधीचा सगळा अनुभव ११० बीएचपीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचा.

वेगाची घाई अजिबात नाही. पण गाडीची सवय कोणत्या क्रमाने करावी? सुरुवातीला कोणता ड्राइव्ह मोड ठेवावा, आधी कशाचा सराव करावा, आणि या गाड्या नेमक्या कुठे हातातून निसटतात? 'जपून चालवा' याच्या पलीकडचं, कारणांसकट कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

चाकामागे

अभिनंदन, आणि प्रश्न योग्य वेळी विचारलात.

आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर ३.२ आणि डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) ३.१५ धरा, अशा गिअरबॉक्सला ते साधारण एवढंच असतं. दोन्हींनी गुणल्यावर ५५० न्यूटन-मीटरचे चाकांवर ५५०० च्या आसपास होतात. चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर, म्हणजे रस्त्याला मागे ढकलणारा जोर सोळा हजार न्यूटन. आता मागच्या दोन टायरांवर गाडीचं निम्मं वजन, ७६०० न्यूटन. वेग घेताना मागे सरकणारा भार धरला तरी नऊ-दहा हजार. कोरड्या, गरम डांबरावर टायरची पकड जवळपास तेवढीच असते. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क आला तर सरळ, कोरड्या रस्त्यावरसुद्धा तो टायरला झेपत नाही. ओल्या रस्त्यावर पकड पाच-सहा हजारांवर येते आणि तिथे तिसरा गिअरही पुरेसा असतो, कारण त्यातला जोर अकरा हजारांच्या घरात जातो. तुमच्या हॅचबॅकमध्ये पाय पूर्ण दाबूनही हा प्रश्न कधी उभा राहिला नसेल. इथे किती दाबायचं हे प्रत्येक वेळी पायानेच ठरवायचं आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: बसण्याची जागा, मग ब्रेक, मग वळणं, आणि ॲक्सिलरेटर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

बसणं: पाठ आणि खांदे सीटला पूर्ण टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, नाहीतर आणीबाणीत पूर्ण जोर लागत नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. पॅडलही तिथेच हाताशी येतात आणि चाकं किती वळली आहेत ते न बघता कळतं. डावा पाय फूटरेस्टवर रोवून ठेवा. वळणात अंग पायाने आणि सीटने सावरायचं असतं. स्टिअरिंगला लटकून बसलात तर त्यातून येणारी टायरची जाणीव हातापर्यंत पोचत नाही.

ब्रेक: बंदिस्त, मोकळी, सरळ जागा मिळवा. ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्र असेल तर उत्तम. ताशी ५० वर ब्रेक एकदम, सगळ्या ताकदीने दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. एबीएस लागलं की पेडल थरथरतं, करकर आवाज येतो, आणि नवखा माणूस नेमका तिथे पाय ढिला करतो. ती थरथर अंगवळणी पडेपर्यंत हे करा. मग ८० वरून. त्यानंतर ८० वर पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाच रस्त्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूला वळसा घालून बघा. एबीएसचा खरा उपयोग तोच: चाकं जाम होत नाहीत, म्हणून गाडी वळते. दर दोन-तीन ब्रेकनंतर चार-पाच मिनिटं फिरवून डिस्क गार होऊ द्या.

एक हिशेब कायम डोक्यात ठेवा. चांगल्या टायरवर १०० वरून थांबायला ३५ ते ४० मीटर लागतात. २०० वरून त्याच्या दुप्पट नाही, चौपट लागतात. त्याआधी प्रतिक्रियेला गेलेल्या एका सेकंदात १०० च्या वेगाने २८ मीटर निघून जातात, २०० ने ५६. शिवाय अशा गाडीत १२० चा वेग जुन्या गाडीतल्या ८० सारखा वाटतो, त्यामुळे अंदाजावर विसंबू नका. स्पीड लिमिटरचं बटण असेल तर पहिले काही आठवडे ते सरळ वापरा.

रबर_आणि_रस्ता

वर पकडीचा हिशेब आलाच आहे, पण त्यातली टायरची बाजू तपासल्याशिवाय गाडी जोरात चालवू नका. वापरलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये पहिली शंका टायरवरच घ्यावी.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अशा गाड्या महिनोन् महिने उभ्या राहतात, खाचा शिल्लक दिसतात आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर खाचा बघू नका, टायर बदला. एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या मॉडेलचे टायर असतील तर तेही बदला. बदलल्यावर पहिले तीनेकशे किलोमीटर हळू चालवा, कारण साच्यातून निघालेल्या नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर झिजेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे बहुधा वेगळे असतात. तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण २ पीएसआयने बदलतो. चालवून आल्यावर वाढलेला दाब बघून हवा कमी करू नका, सकाळी ती कमी भरेल.

थंड टायर हा या गाड्यांच्या अपघातांमागचा मोठा मुद्दा आहे. उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होतं. सेमी-स्लिक (अगदी कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे टायर) असतील तर थंडीत आणि पावसात ती गाडी बाहेर काढूच नये. पण उबदार दिवशीही पहिले दहा-पंधरा किलोमीटर टायर पूर्ण पकडीवर आलेले नसतात. पार्किंगमधून निघताना, स्टिअरिंग वळलेलं असताना, लोक बघताहेत म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला जातो आणि गाडी फुटपाथवर जाते. थंड टायर, वळलेली चाकं आणि अचानक टॉर्क, तिन्ही एकाच क्षणी येतात. इंजिनचंही तसंच. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेल मागून तापतं. तेलाचं तापमान ८० अंशांवर जाईपर्यंत ३००० आरपीएमच्या वर नेऊ नका; तेवढ्या वेळात टायरही थोडे तयार होतात.

पावसाबद्दल: नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिलिमीटर असतात आणि कायदेशीर किमान मर्यादा अनेक ठिकाणी १.६ आहे. २७५ रुंदीच्या टायरला १.६ पर्यंत वापरणं धोक्याचं, ३ ला बदला. म्हणजे तुमचे टायर बदलायला आलेच आहेत. टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यावर तुमच्या जुन्या अरुंद टायरपेक्षा हा लवकर तरंगतो. खूण अशी: स्टिअरिंग एकदम हलकं होतं, आरपीएम अकारण वर जातो. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही. पाय हलकेच उचला आणि चाकं सरळ ठेवून पकड परत येऊ द्या. पावसात क्रूझ कंट्रोल बंद.

सावकाश_आरपीएम

खूप आभार. टायरचा कोड आजच बघतो. दोन शंका. एक, मोडचं काय? स्पोर्टमध्ये गाडी जास्त 'बोलते' असं ऐकलं आहे. दुसरं, मागची बाजू सुटलीच तर हातापायांनी नेमकं काय करायचं?

अपेक्स_आधी_ब्रेक

मोड: नॉर्मल किंवा कम्फर्ट. बहुतेक गाड्यांत स्पोर्ट मोड इंजिनची कमाल ताकद वाढवत नाही, तेवढ्याच पायाला थ्रॉटल जास्त उघडतो. म्हणजे पेडलचा जो प्रवास तुम्हाला शिकण्यासाठी हवा, तोच आखडतो. काही गाड्यांत स्पोर्टबरोबर ईएससीही (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) सैल होतं. मॅन्युअलमध्ये ते पान शोधून वाचा. ओल्यासाठी वेगळा मोड असेल तर तो वापरा.

ईएससी सार्वजनिक रस्त्यावर कधीच बंद करायचं नाही. ते एकेका चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनची ताकद कापतं, पण पकड तयार करत नाही. वळणात वेगच जास्त असेल तर त्याच्याही हातात काही राहत नाही. त्याचा पिवळा दिवा लुकलुकला की त्या जागी पकड संपली होती असं समजा आणि का संपली ते शोधा. रस्त्यावर तो वारंवार दिसत असेल तर तुमचा वेग किंवा पाय चुकतो आहे.

आता मागची बाजू सुटण्याची कारणं, कारण उपाय कारणावर ठरतो.

पहिलं, वळणातून बाहेर पडताना जास्त टॉर्क. टर्बोमध्ये पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, म्हणून माणूस आणखी दाबतो, आणि मग सगळा टॉर्क एकदम येतो. ऑटोमॅटिकमध्ये भर पडते किकडाउनची: अर्ध्या वळणात पाय खोल गेला की गिअरबॉक्स दोन गिअर खाली टाकतो आणि चाकांवरचा जोर दीड-दोन पट होतो. यावर उपाय सोपा आहे. वळणावळणाच्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा चौथा धरून ठेवा. तोटी हळूहळू उघडावी तसा पाय द्या, आणि स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल तितकाच वाढवा. टायरची पकड वळणं आणि ढकलणं यांत वाटली जाते. पूर्ण वळलेल्या चाकांसोबत पूर्ण ॲक्सिलरेटर तिच्यात बसत नाही.

दुसरं, वळणात घाबरून पाय झटकन उचलणं. भार पुढच्या चाकांवर जातो, मागची हलकी होतात आणि फिरतात. वळणात वेग जास्त वाटला तर पाय उचला, पण हळू. खरं तर वेग वळणाआधी, सरळ रेषेतच कमी झालेला हवा.

तिसरं, ओल्या रस्त्यावर वळणात पॅडलने गिअर खाली टाकणं. इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गिअर वळणाआधी उतरवून घ्या.

आणि सुटलीच तर: नजर जिथे जायचं त्या रस्त्यावर, खांबावर किंवा खड्ड्यावर नाही, कारण हात नजरेमागे जातात. मागची बाजू ज्या दिशेला चालली त्याच दिशेला स्टिअरिंग, लगेच आणि हवं तेवढंच. पाय ॲक्सिलरेटरवरून हलका करा. पहिल्या कारणाने सुटली असेल तर तेवढ्याने पकड परत येते. दुसऱ्या कारणाने सुटली असेल तर पाय पूर्ण न काढता किंचित ठेवा. त्यानंतर पकड परत येताक्षणी स्टिअरिंग सरळ करणं हा सगळ्यात अवघड भाग. उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा जोरदार असतो. गाडी आडवीच झाली आणि आवरेनाशी झाली तर ब्रेक पूर्ण दाबून ठेवा. निदान वेग तरी उतरत राहतो.

हे वाचून येत नाही. स्किडपॅडवर, ओल्या केलेल्या फरशीवर, प्रशिक्षक शेजारी बसवून एक दिवस द्या. तिथे ३०-४० च्या वेगातच सगळं घडतं, म्हणून हातांना शिकायला वेळ मिळतो. गाडीवर जे काही खर्च कराल त्यात हा खर्च सर्वांत आधी करा, एक्झॉस्ट आणि रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) नंतर बघू.

डिस्क_पॅड_फ्लुइड

ब्रेक फ्लुइड कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १५५ लाच. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलतात. तुमच्या गाडीचा लेखी पुरावा नसेल तर आताच बदला आणि पॅडची जाडीही मोजून घ्या. लांब उतारावर पॅडलने खालचा गिअर धरा, ब्रेक सतत घासत ठेवू नका. पेडल मऊ लागलंच तर भराभर दोन-तीनदा पंप करा, गिअर उतरवा आणि बाजूला थांबा.

पॅड किंवा डिस्क नवीन टाकल्या तर त्या बसवाव्या लागतात: ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरवून गार करायच्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं.

ट्रॅकवर जाल तेव्हा आधी विम्याची अट वाचा, अनेक पॉलिसींमध्ये ट्रॅक वगळलेला असतो. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, पी मध्ये टाकून चाकाला अडण लावा. टर्बोसाठी इंजिन एक-दोन मिनिटं रिकामं चालू द्या. चाकं गार झाली की प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा तपासा, आणि घरी निघण्याआधी टायरची हवासुद्धा.